घरचं घमेलं

२०६१ सालच्या मे महिन्यात, कुरणवाडी वसाहतीच्या सातव्या ओळीतल्या बारा नंबरच्या घरात गेली वीस वर्षं कोणीही राहिलेलं नाही, असं त्या घराच्या भिंतीने सांगितलं. भिंतीने हे सांगितलं तेव्हा घरात दोन माणसं होती. तेजस्विनी हेरवाडे, जिला सगळी वसाहत तेजाक्का म्हणायची, शेगडीवर चहा ठेवत होती. तिचा नवरा संग्राममिस्त्री उंबऱ्याशी बसून चष्म्याची तुटलेली काडी दोऱ्याने बांधत होता.

नोटीस आणली वसाहत मंडळाचे निरीक्षक कुलभूषण उपाध्ये यांनी. माणूस सरळ होता, त्रास तोच होता. नियम असा की नोटीस राहत्या माणसाच्या हातात द्यायची आणि घर रिकामं असेल तर दाराला चिकटवायची. हे घर रिकामं होतं. म्हणून उपाध्ये दाराला नोटीस चिकटवायला गेले, तर त्यांच्याजवळची चिकटपट्टी संपलेली. तेजाक्काने आतून वाटीत भाताची पेज आणून दिली. उपाध्यांच्या एका हातात तिनेच दिलेला चहाचा कप होता, तेव्हा कागदाची वरची दोन टोकंही तिनेच धरली. कागद नीट बसल्यावर तिने तो वाचला.

"साहेब, ह्यात घर रिकामं हाय असं लिवलंय."

"होय."

"मग ह्यो च्या कुणी दिला तुमास्नी?"

उपाध्यांनी कपाकडे पाहिलं. मग ते अगदी मनापासून म्हणाले, "आक्का, तुम्ही इथं राहता हे मला दिसतंय. पण मला दिसणं हा पुरावा धरत नाहीत."

हे पुराव्याचं प्रकरण कळायचं तर आधी गिलाव्याची गोष्ट सांगायला हवी. आजच्या मुलांना ती माहीत नाही आणि सांगितली तर खरी वाटत नाही.

पूर्वी गिलावा म्हणजे सिमेंट, पाणी आणि नदीची वाळू. बस्स. ट्रॅक्टरने वाळू येऊन पडायची, बायका उभ्या चाळणीवर ती फेकून चाळायच्या, आणि त्या चाळण्याचा आवाज दिवसभर कानात राहायचा. ओल्या भिंतीला नदीचा वास यायचा. तेजाक्का लग्नाआधी पंचगंगेकाठच्या गावची, आणि लग्नानंतर नवऱ्याच्याच हाताखाली बिगारी. तिने डोक्यावरून किती वाळू वाहिली असेल त्याला हिशेब नाही. ती सांगायची, डोळे मिटून घमेल्यात हात घातला तर वाळू कुठल्या नदीची ते कळायचं. कृष्णेची बारीक आणि पिवळसर, दूधगंगेची जराशी तांबूस. डोळे मिटून रंग कसा कळायचा असं कोणी विचारलं, की ती म्हणायची, तुम्हाला नाही कळायचा.

गवंड्यांची तेव्हा एक रीत होती. प्रत्येक कामावरून एक घमेलं चांगली चाळलेली वाळू मिस्त्री स्वतःसाठी बाजूला काढायचा. तिला 'घरचं घमेलं' म्हणायचे. जन्मभर लोकांची घरं बांधणारा माणूस आपलं घर बांधील तेव्हा त्याला उरलासुरला माल लागू नये, यासाठी ही रीत. ठेकेदार बघून न बघितल्यासारखं करायचे. संग्राममिस्त्रीने अशी घमेली वीस-बावीस वर्षं जमवली आणि हेरवाडला भावाच्या परड्यात पोत्यांत भरून ठेवली.

पुढे नद्या खरवडून खालचा खडक लागला. २०३६ साली वाळू उपसायला पुरती बंदी आली. ज्याच्याकडे साठा असेल त्याने तो सरकारात जमा करायचा, न केल्यास तुरुंग. मिस्त्रीने सांगितलं, पोती जमा केली. तेजाक्का दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिचा राग नवऱ्यावर नव्हता, सरकारवर होता, पण सरकार घरात नव्हतं.

मग बांधकामाला वाळू आणायची कुठून? कोल्हापूरच्या त्या पट्ट्यात फौंड्रीमागे काळ्या वाळूचे डोंगर पडून होते. लोखंड ओतायला वाळूचे साचे करतात. तीच ती वाळू पुन्हा पुन्हा वापरून जळते, काळी पडते आणि मग टाकून देतात. तिला जळकी वाळू म्हणत. पोलादाच्या भट्टीतून निघणारी मळीही अशीच ढिगांनी पडलेली. मिरजेच्या डॉ. शर्वरी बेळंके यांनी या दोन टाकाऊ गोष्टी एकत्र आणल्या. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या.

भट्टीच्या मळीत न विझलेला चुना असतो. चुन्याला हवेतला कार्बन वायू मिळाला, की त्याचा पुन्हा दगड होतो. गुहेत छताला दगडी झुंबरं लोंबतात ती याच जातीची. आपण श्वास सोडतो त्यात हा वायू भरपूर असतो. डॉ. बेळंके यांनी मिश्रणात अशी एक भुकटी घातली, की हा दगड गिलाव्याच्या आत कुठेही न साठता पृष्ठभागावर पातळ पापुद्र्यासारखा बसावा. माणूस श्वास सोडतो, भिंत तो पिते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत दर वर्षी एक नवा पापुद्रा धरते, झाडाच्या खोडात दर वर्षी एक कडं पडतं तसा. कारखान्यांचा कचरा कामी आला आणि हवेतला वायू भिंतीत कोंडला गेला. या गिलाव्याचं नाव श्वासगिलावा.

कुरणवाडी ही श्वासगिलाव्याच्या सुरुवातीच्या वसाहतींतली एक, २०४१ सालची. फौंड्री कामगारांसाठी आणि ती बांधणाऱ्या गवंड्यांसाठी. सातव्या ओळीतल्या बेचाळीस घरांच्या गिलाव्याचा मुकादम संग्राममिस्त्री. डॉ. बेळंके स्वतः येऊन गवंड्यांना मिश्रण शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मळीच्या पाण्यात उघडा हात घातला आणि अंगठा भाजून घेतला. तेजाक्काने त्यांचा हात धरून खोबरेल लावलं आणि म्हणाली, "मॅडम, हे शिकवायचं काम तुमचं, हात घालायचं आमचं." तेव्हापासून दोघींची ओळख.

श्वासगिलाव्याचे त्रासही होते आणि ते सगळे बायकांच्या वाट्याला आले. भिंती वाढत. दोन माणसांच्या घरात वर्षाचा पापुद्रा पोस्टकार्डाइतका, आठ माणसांच्या घरात भाकरीच्या पापुद्र्याइतका. शेजारच्या शकीलाभाभीकडे आठ माणसं. पंधरा वर्षांत तिच्या भिंती बोटभर आत आल्या. कपाटाचं दार उघडेना, फडताळात ताटं उभी बसेनात. खरवडायला बंदी, कारण भिंतीत कोंडलेला वायू सरकारी हिशेबात मंडळाच्या नावावर लागलेला. भाभीने तक्रारी केल्या, तर माणसं येऊन भिंत मोजून गेली आणि उत्तम वाढ झाल्याबद्दल तिला एक रोप देऊन गेली. ते रोप ठेवायला तिच्याकडे जागा नव्हती.

तेजाक्काचं कपाट मात्र नीट उघडायचं. घर दोघांचं, त्यातही मिस्त्री महिन्यातले दहा दिवस परगावी कामावर, म्हणून असेल, असं तिला वाटे. शिवाय आपल्या नवऱ्याचा हातच सफाईचा असाही तिचा एक समज होता, आणि भाभीला तो ती अधूनमधून ऐकवायची.

आता वीस वर्षांचा नियम. ही घरं मंडळाची. जो वीस वर्षं खरोखर राहिला त्याचं घर कायमचं, ज्याने कुलूप लावून ठेवलं किंवा दुसऱ्याला दिलं त्याचं परत. पहिल्या वसाहतींत शेजाऱ्यांच्या साक्षी घेतल्या, तर शेजाऱ्यांनी एकमेकांसाठी इतक्या खोट्या साक्षी दिल्या की मंडळ हैराण झालं. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं, की भिंतीलाच विचारावं. भिंतीला नातं नाही, भीड नाही. भिंतीतून नाण्याएवढी चकती काढायची आणि पापुद्रे मोजायचे. पापुद्रे किती यावरून वर्षं कळतात, जाडीवरून माणसं. डॉ. बेळंके यांनी त्यासाठी यंत्रही करून दिलं. हे यंत्र कुरणवाडीच्या घरोघर फिरलं आणि सातव्या ओळीत एकेचाळीस घरांत त्याने वीस वीस पापुद्रे मोजले. बाराव्या घरात त्याला एकही सापडला नाही.

तेजाक्का दुसऱ्या दिवशी मंडळात गेली. तिथे तिला सांगण्यात आलं, की हरकत घ्यायचा अधिकार फक्त रहिवाशाला आहे. ती म्हणाली, मी रहिवासीच आहे. त्यांनी नोंद पाहिली आणि म्हणाले, नाही. तिसऱ्या दिवशी ती विजेची बिलं घेऊन गेली. बिलांवरून वीज जळाली हे कळतं, ती कोणी जाळली हे कळत नाही, असं उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी शकीलाभाभी बरोबर गेली आणि वीस वर्षांत कितीदा भांडण झालं ते तारखांसकट सांगायला लागली, तर त्यांनी शेजाऱ्यांच्या साक्षी बंद केल्याचं परिपत्रक दाखवलं. येताना भाभी म्हणाली, "बघ, जल्मभर तुझ्याशी भांडले, त्याचाबी उपेग न्हाई."

या सगळ्यात मिस्त्री गप्प होता. मुळात तो कमी बोलणारा, म्हणून तेजाक्काला त्यात काही वेगळं वाटलं नाही. घर गेलं तर जायचं कुठे, एवढं एकच तिने त्याला विचारलं. लेकीकडे जयसिंगपूरला दोन खोल्यांत सहा माणसं होती. मिस्त्री म्हणाला, "बघू." छातीत सिमेंट बसलेल्या माणसाचा तो खोकला आणि वर हे "बघू". तिला दोन्हींचा राग आला.

शेवटी तिने मिरजेला फोन केला.

डॉ. बेळंके स्वतः यंत्र घेऊन आल्या. पन्नाशीच्या झाल्या होत्या, केस पांढरे, अंगठ्यावर तो जुना डाग तसाच. दारावरची नोटीस वाचून त्या हसल्या. म्हणाल्या, यंत्राची सुई बोथट झाली असेल, पाच मिनिटांचं काम आहे. गृहप्रवेशाला याच खोलीत बसून त्यांनी कटाची आमटी दोनदा मागून घेतली होती. मध्ये एकदा परदेशी पाहुणे घेऊन आल्या तेव्हा तेजाक्काने सगळ्यांना ताक दिलं होतं. हे घर रिकामं होतं म्हणणारं यंत्र त्यांचंच, आणि ते खोटं बोलतंय हे त्यांच्या जिभेला ठाऊक होतं.

त्यांनी पहिल्या खोलीत चकती काढली. पापुद्रा नाही. स्वयंपाकघरात काढली. नाही. पलंगाच्या उशालगत काढली, जिथे माणूस रोज सात-आठ तास श्वास सोडतो. नाही. तेव्हा त्या खाली बसल्या.

"आक्का, तुम्ही घरात असताना श्वास घेता ना?"

"घेतो की. आता ह्या आठवड्यात जरा जास्तच घ्यायला लागतोय."

भोक पाडताना सुई तापू नये म्हणून यंत्र पाणी सोडतं. ते पाणी भोकातून ओघळून भिंतीवर पसरलं होतं. तेजाक्का फडकं घेऊन पुसायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिला वास आला. पंचवीस वर्षांत तिने तो घेतला नव्हता, पण असे वास विसरता येत नाहीत. घाटाच्या पायऱ्या, ओले पाय, चाळणीखालचा ओलसर ढीग. तिने भोकात करंगळी घातली, निघाले ते चार दाणे अंगठ्याने चोळून पाहिले. मळीचा दाणा टोचतो. हे दाणे बोटांमधून गोल फिरले.

ती डॉ. बेळंके यांच्याकडे न पाहता उंबऱ्याकडे बघून म्हणाली, "मिस्त्री, ही दूधगंगेची."

संग्राममिस्त्री चष्म्याचा दोरा सोडून पुन्हा बांधायला लागला.

"पोती जमा केली म्हणाला होतात."

"निम्मी केली," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गिलावा चालू होता तेव्हा तेजाक्का लेकीच्या बाळंतपणाला जयसिंगपूरला होती. मिस्त्रीने भावाच्या टेंपोतून पोती आणली, दारं लावून चार दिवसांत एकट्याने दोन्ही खोल्यांचा गिलावा केला आणि वर चुन्याचे तीन हात दिले. चुना सगळ्याच घरांत देत, त्यामुळे कोणाला कळलं नाही. मिश्रणात काय किती घातलं याच्या दाखल्यावर बेचाळीस घरांसाठी मुकादमाची एकच सही होती, ती त्याने केली.

"कशापायी?" तेजाक्काने विचारलं.

"कारखान्याचा कचरा तुझ्या घराला लावू व्हय? वीस वर्षं एकेक घमेलं तूच चाळून दिलंस."

"मग लोकांच्या घराला कसा लावलात?"

मिस्त्रीने चष्म्याचा दोरा दाताने तोडला. तो खोकला.

डॉ. बेळंके यांनी ते चार दाणे कागदात बांधले. एका अर्थी त्यांना हायसं वाटलं होतं. यंत्र चुकलं नव्हतं. भिंत श्वासगिलाव्याची नाही हे सांगितलं की प्रश्न मिटला, असं त्या म्हणाल्या. यंत्राला पापुद्रे मोजायला शिकवलं होतं, भिंत कशाची आहे हे विचारायला कोणी शिकवलं नव्हतं, ही चूक आपली, आणि आपण ती सुनावणीत कबूल करू.

पण दुपारी मंडळात जाऊन त्या उपाध्यांशी बोलून आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. कोणाचं नाव न घेता, एखाद्या मुकादमाचा दाखला खोटा निघाला तर काय, एवढंच त्यांनी विचारलं होतं. उपाध्यांनी नियमाचं पुस्तक काढून वाचून दाखवलं. मुकादमाचा दाखला एका घरापुरता खोटा निघाला तर तो त्याच्या सगळ्या घरांपुरता रद्द.

"असू दे की रद्द," तेजाक्का म्हणाली. "लोकांच्या भिंतीत पापुद्रे हाईत. ते कुठं जात्यात?"

डॉ. बेळंके यांनी सांगितलं ते साधं होतं. पापुद्र्याची जाडी माणसांवर अवलंबून असते तशी मळीच्या प्रमाणावरही. प्रमाण एकास चार होतं हे मुकादमाच्या दाखल्यावरून धरलेलं. दाखला गेला, की हा पापुद्रा दोन माणसांचा की सहा माणसांचा, वर्षभर राहणाऱ्यांचा की अधूनमधून येणाऱ्यांचा, हे त्यांनाही सांगता येणार नाही. मग सातव्या ओळीतलं एकही घर कोणाच्या नावावर होणार नाही. नव्याने गिलावा करायचा, नव्याने वीस वर्षं मोजायची.

"भाभीचं वय एकोणसत्तर," तेजाक्का म्हणाली.

"माहीत आहे मला."

"तुम्ही हितं जेवलाय. तेवढं सांगितलं तर?"

डॉ. बेळंके यांनी अंगठ्यावरचा डाग चोळला. त्यांनी तेही विचारून पाहिलं होतं. यंत्र करणारी बाई स्वतः म्हणाली की यंत्राला जे दिसलं नाही ते मला दिसलं, तर यंत्रावर ठरलेली आजवरची अकरा हजार घरं पुन्हा उघडावी लागतील. उपाध्यांनी हे धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. काळजीने सांगितलं होतं, आणि पाणीही विचारलं होतं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी संग्राममिस्त्रीने इस्त्रीचा शर्ट काढला. वाळूचा साठा लपवल्याबद्दल दोन वर्षं आत जावं लागेल हे त्याला ठाऊक होतं. त्याने औषधाची पुडी खिशात घातली, पायताण पुसलं. तो खरं सांगणार होता. तेजाक्काने ते पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. वीस वर्षांपूर्वी दार लावून गप्प बसलेला माणूस आता तोंड उघडणार आणि सगळ्या ओळीला उघड्यावर आणणार. ती म्हणाली, तुमचं खरं बोलून झालं की भाभीची आठ माणसं कुठं जातील ते सांगा आणि मग खुशाल बोला. तो म्हणाला, मग तू कुठं जाशील? त्यावर तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चला म्हणाली.

मंडळाच्या सभागृहात सातवी ओळ सगळी आलेली. दहाला सुरू होणारी सुनावणी साडेअकराला सुरू झाली, कारण बारा नंबरच्या घराला रहिवासीच नसल्याने पुकारा कोणाच्या नावाने करायचा यावर खल झाला. अखेर 'बारा नंबरच्या वतीने कोणी' असा पुकारा झाला.

उपाध्यांनी दाखला वर धरला. "संग्राम हेरवाडे, बेचाळीस घरांच्या मिश्रणाच्या दाखल्यावरची ही सही तुमची?"

"माझी," मिस्त्री उठून म्हणाला. "पण साहेब, त्यात..."

त्याला खोकला आला. नेहमीचाच खोकला, नेहमीच्याच वेळी. जन्मभर तिने त्या खोकल्याला नावं ठेवली होती. तो खोकत असताना तेजाक्का उभी राहिली.

"घर रिकामं होतं, साहेब."

उपाध्ये गोंधळले. त्यांनी चष्मा काढला. ते तिला ओळखत होते, तिच्या हातचा चहा प्याले होते, आणि त्यांना बहुधा वाटत होतं की ती भांडेल.

"मग तुम्ही वीस वर्षं कुठे राहत होता?"

"ह्यांच्यासंगं. जिथं काम तिथं."

मागे शकीलाभाभी उठली. "काय बोलतीस गं तेजा? रोज सकाळी..."

"भाभी, बस खाली."

भाभी तिच्याकडे बघत राहिली. तिला कारण कळलं नाही, पण तेजाचा हा आवाज तिने वीस वर्षांत ऐकला नव्हता. ती बसली. डॉ. बेळंके पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा तेजाक्काने त्यांच्याकडेही एकदा पाहिलं. त्या बोलल्या नाहीत. कागदात बांधलेले चार दाणे त्यांच्या पर्समध्ये होते.

उपाध्यांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: सदर घरात कोणाचेही वास्तव्य नव्हते. खाली तेजाक्काने सही केली. सही कुठल्या नात्याने, असा एक रकाना होता. तो उपाध्यांनी विचार करून कोरा सोडला.

एका आठवड्यात सातव्या ओळीतली एकेचाळीस घरं ज्याच्या त्याच्या नावावर झाली.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. संग्राममिस्त्री इचलकरंजीत भाड्याच्या खोलीत तीन वर्षांनी गेला. त्या खोलीला श्वासगिलावा होता. अखेरच्या महिन्यांत तो पडल्या पडल्या भिंतीला बोट लावून बघायचा आणि म्हणायचा, ही घेतीय बघ, तेजे. कौतुकाने म्हणायचा की चिडून, हे तिला कधी कळलं नाही.

कुलभूषण उपाध्ये यांना बढती मिळाली. निवृत्तीच्या वेळी त्यांच्याही घराची चकती काढली. नोकरीभर गावोगाव फिरलेला माणूस. भिंतीने सांगितलं की या घरात दीड माणूस राहत होता. पूर्ण एक बायको, आणि अर्धे ते. बाकीच्या अर्ध्यासाठी त्यांचे अर्ज अजून चालू आहेत असं ऐकलं.

डॉ. शर्वरी बेळंके यांनी सुनावणीनंतर सहा महिन्यांनी मंडळाला पत्र लिहिलं, की भिंतीला साक्षीदार करू नये. भिंत फक्त तिला दिलेलंच सांगते, आणि दिलं नाही ते झालंच नाही असं ऐकणारा समजतो. पत्र पोचल्याची पावती आली. नंतर त्यांनी शिकवणं सोडलं. ते चार दाणे त्यांनी काचेच्या कुपीत घालून टेबलावर ठेवले होते, असं त्यांच्याकडे गेलेल्यांनी सांगितलं.

तेजाक्का पुष्कळ जगली. तिला म्हातारपणाचं वेतन मिळायला आणखी त्रास झाला, कारण २०४१ ते २०६१ ती कुठे होती याची नोंद कुठेच नव्हती. अर्जात त्या वीस वर्षांसमोर पत्ता लिहायचा होता. तिने लिहिलं, रिकाम्या घरात. अर्ज परत आला. तिने पुन्हा तेच लिहून पाठवला. असा तो बरेच वेळा गेला आणि आला.

बारा नंबरच्या घरात नवं जोडपं आलं. आधीचा गिलावा पाडला तेव्हा राडारोडा दोन दिवस दारात पडून होता आणि पाण्याचा टँकर सांडला तेव्हा गल्लीभर एक वास सुटला. तरण्या पोरांना तो कशाचा ते कळेना. शकीलाभाभीने आणि ओळीतल्या जुन्या माणसांनी तो ओळखला, आणि तेजा सुनावणीत खोटं का बोलली ते त्यांना तेव्हा कळलं. त्या नव्या मुलीने तिला विचारलं, इथे आमच्या आधी कोण राहायचं? भाभीच्या आठ माणसांचं घर आता तिच्या नावावर होतं आणि सातव्या ओळीने ते कसं झालं याविषयी कधीही तोंड उघडायचं नाही असं न बोलता ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, "कोण न्हाई. रिकामंच होतं." पहिल्या वेळी हे म्हणताना तिला रडू आलं. मग दर वेळी विचारलं की ती तसंच म्हणत गेली, आणि शेवटी शेवटी तिला खरंच आठवेना.

कुरणवाडीत एक गोष्ट मात्र तेव्हापासून सुरू झाली ती आजही आहे. बारा नंबरचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आपला श्वास भिंतीपर्यंत पोचला नाही तर, ही भीती बसली ती गेली नाही. घरात दोन पलंग समोरासमोरच्या दोन भिंतींना लावून घेतात आणि मध्ये चालायला वाट ठेवतात. नवरा एका भिंतीकडे तोंड करून झोपतो, बायको दुसऱ्या. पोरांनाही लहानपणीच सवय लावतात, झोपेत कूस बदलली तर हलकेच धरून पुन्हा भिंतीकडे वळवतात.